तीन बैठका नावावरच का संपल्या: कंबोडियन मंडळींच्या नव्या संस्थेत खजिनदार होण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मॅसॅच्युसेट्समध्ये लोवेलजवळ राहतो. ऑफिसातला एक कंबोडियन मित्र आणि त्याचे सात-आठ सोबती आपल्या समाजाच्या हक्कांसाठी संस्था काढताहेत. मी महाराष्ट्र मंडळाचे हिशेब पाहिलेत, म्हणून मला खजिनदार व्हा म्हणतात. आतापर्यंत तीन बैठका झाल्या आणि तिन्ही संस्थेच्या ख्मेर (म्हणजे कंबोडियाच्या भाषेतल्या) नावावरच्या वादात संपल्या. ही माणसं काम कधी सुरू करणार? आणि मी यात पडावं का?"

मी तेवीस वर्षं न्यू इंग्लंडमधल्या लहान ना-नफा संस्थांची नोंदणी, हिशेब आणि वार्षिक कागदपत्रं बघतो. त्यात निर्वासितांच्या बऱ्याच संस्था होत्या आणि तीन ख्मेर होत्या. तिन्हींच्या जन्माच्या वेळी मी खोलीत होतो, आणि त्यातली एक दोन वर्षांत बंद पडली. मी वकील नाही. कायद्याचं जे लिहितोय ते वकिलाकडे जाण्याआधी काय विचारायचं, इतपतच धरा.

तुमचा प्रश्न वेळेचा नाहीच. तीन बैठका वाया गेल्या असं तुम्हाला वाटतंय, कारण मंडळाच्या हिशेबाने नाव म्हणजे लेटरहेडवरची एक ओळ. इथे नावाचा वाद हाच मूळ वाद आहे. ही संस्था कोणाची, कोणाविरुद्ध आणि कोणाच्या भरवशावर, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही, आणि ते सरळ बोलता येत नाही म्हणून नावाच्या आडून बोलताहेत.

ख्मेर भाषेत संस्थेला सरळ शब्द आहे "अंगकार". अंग आणि कार, दोन्ही आपल्या ओळखीचे, संस्कृतातून तिकडे गेलेले. आज राजधानी नॉम पेन्हमध्ये कोणी "मी अंगकारात काम करतो" म्हणालं, तर तो कुठल्यातरी एनजीओत नोकरीला आहे एवढाच अर्थ होतो. पण १७ एप्रिल १९७५ ला पोल पॉटच्या कम्युनिस्ट ख्मेर रूजने राजधानी घेतली आणि पुढची पावणेचार वर्षं सत्ता चालवली, ती याच नावाने. लोकांना पक्ष दिसत नव्हता, नेता दिसत नव्हता, दिसायचा फक्त "अंगकार". अंगकारने बोलावलंय, अंगकारला सगळं कळतं, अंगकारला अननसाचे डोळे आहेत. अननसाचे डोळे म्हणजे चहूबाजूंनी बघणारे. त्या काळात उपासमार, रोगराई आणि कत्तलीत साधारण १७ लाख माणसं गेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. आता साठी-सत्तरीतल्या माणसाला तुम्ही म्हणा, "काकू, आम्ही नवीन अंगकार काढतोय, सभासद व्हा." काय होईल?

म्हणून अमेरिकेतल्या जुन्या संस्था "समाकुम" म्हणवून घेतात. हा आपल्या "समागम"चा सख्खा भाऊ. मराठीत त्या शब्दाचं पुढे काय झालं ते सोडा. तुमच्या बैठकीत "अंगकार चालेल" म्हणणारे बहुधा नव्वदीनंतर नॉम पेन्हहून आलेले किंवा इथेच वाढलेले असतील, आणि "नको" म्हणणारे थायलंडच्या सरहद्दीवरच्या छावण्यांतून आलेले. विचारून बघा.

दुसरा शब्द तर आणखी अवघड आहे. ॲडव्होकसीला, म्हणजे हक्कांसाठी जाहीर पाठपुरावा करण्याला, तिकडच्या एनजीओंनी शब्द केला "तसू-मति". मति आपलीच. "तसू" म्हणजे लढा, झुंज. ऐंशीच्या दशकात सरहद्दीवर बंदुका घेऊन लढणाऱ्यांनाही हाच शब्द होता. म्हणजे इंग्रजीत जे सभ्य, कार्यालयीन वाटतं, ते ख्मेरमध्ये लिहिलं की अर्ध्या लोकांना घाबरवतं आणि उरलेल्या अर्ध्यांना उगाच चेव आणतं.

यावर माझा स्वतःचा एक फजितीचा किस्सा सांगतो. साल नको, संस्थेचं नावही नको. पहिलीच जाहीर सभा होती, एका बौद्ध विहाराच्या जेवणघरात. तीसेक ज्येष्ठ मंडळी आली होती, चौकटीचे क्रामा (गमछे) गळ्यात, पुढ्यात भात आणि माशाचं कालवण. मी अनुदानाच्या तयारीत होतो, म्हणून दारापाशी क्लिपबोर्डवर हजेरीचा कागद ठेवला. रकाने अनुदानाच्या अर्जावरूनच उचलले होते: नाव, पत्ता, मूळ गाव, इथे येण्याआधीचा व्यवसाय. पहिल्या आजीबाईंनी पेन हातात घेतलं, कागद बराच वेळ पाहिला, पेन हळूच कागदाला समांतर ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या परत आल्या नाहीत. पाच मिनिटांत एकेक जण गाडी हलवायला म्हणून बाहेर पडला. वीस गाड्या हलवायच्या होत्या की काय कोण जाणे. मला वाटलं, लाजताहेत. नंतर पार्किंगमध्ये एका मध्यमवयीन बाईंनी मला समजावलं, शांतपणे, मुलाला समजवावं तसं. ख्मेर रूज प्रत्येकाकडून आत्मचरित्र लिहून घेत असे. गाव कोणतं, घरचे कोण, आधी काय करत होतात. ज्याने शिक्षक लिहिलं, त्याआधीच्या लॉन नोलच्या सरकारचा सैनिक लिहिलं, तो "शिकायला" म्हणून नेला गेला आणि परतला नाही. माझा कागद म्हणजे जवळपास तोच अर्ज होता.

त्या काळात जगायचं तर "डाम डोउम कोर", शेवरीचं झाड लावा, असं लोक एकमेकांना सांगत. "कोर" म्हणजे शेवरी आणि "कोर" म्हणजे मुकाही. मुके रहा, म्हणजे वाचाल. ज्या पिढीने हे करून जीव वाचवला, तिला तुम्ही माइकसमोर उभं राहून नगर परिषदेला जाब विचारायला सांगताय. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचमधल्या कंबोडियन निर्वासितांचा एक मोठा अभ्यास २००५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. त्यात ६२ टक्के प्रौढांमध्ये आघातोत्तर तणावाचा विकार आढळला होता, तोही इथे येऊन दोन दशकं झाल्यावर. हा आकडा तुमच्या मित्राला नवा नसेल. तुम्हाला तो माहीत हवा, कारण खजिनदार म्हणून सह्या, पत्ते आणि पावत्या तुम्हीच मागणार आहात.

त्यानंतर आम्ही काय केलं? हजेरीचा कागद बंद. डोकी मोजायची, आकडा लिहायचा. सभासद यादी एका आजींच्या डोक्यात आणि सचिवाच्या कुलूपबंद कपाटात. अनुदान देणाऱ्यांना एक परिच्छेद लिहून कारण कळवलं, आणि सगळ्यांनी मान्य केलं. एकानेही हट्ट धरला नाही. मीच उगाच अर्जाला पवित्र ग्रंथ समजत होतो.

आता खरा निर्णय. आवाज उठवायचा तो इथल्या सरकारपुढे की तिथल्या सरकारबद्दल? दोन्ही कामं मोलाची आहेत, पण त्यांचे शत्रू, मित्र, कायदे आणि धोके वेगळे आहेत. पहिल्या दोन वर्षांत दोन्ही एकत्र करू पाहणारी संस्था तुटते. बंद पडलेली ती एक अशीच तुटली.

इथल्या कामाचं उदाहरण तुमच्या जवळच आहे. लोवेलमध्ये ख्मेर वस्ती इतकी मोठी असून नगर परिषदेत त्यांचा माणूस क्वचितच निवडून यायचा, कारण सगळ्या जागांना अख्खं शहर मत देत असे. २०१७ मध्ये लॅटिनो आणि आशियाई रहिवाशांनी मतदान हक्क कायद्याखाली दावा लावला, २०१९ मध्ये तडजोड झाली, आणि २०२१ ची निवडणूक आठ प्रभाग अधिक तीन शहरव्यापी जागा अशी झाली. पुढच्या जानेवारीत सोखारी चाउ महापौर झाले, अमेरिकेतले पहिले कंबोडियन वंशाचे महापौर. लाँग बीचने २०१३ मध्ये भाषा-धोरण केलं, त्यात स्पॅनिश आणि टगालोगबरोबर ख्मेर आहे. ही कामं कंटाळवाणी असतात. नकाशे, जनगणनेचे तक्ते, रात्री अकरापर्यंत चालणाऱ्या सुनावण्या. पण त्यात कोणाच्या नॉम पेन्हमधल्या भावाच्या घरी पोलीस जात नाहीत.

इथलंच, पण सगळ्यात दुखरं काम म्हणजे हद्दपारी. १९९६ च्या कायद्यांनी जुन्या गुन्ह्यासाठीही ग्रीनकार्डधारकाला परत पाठवणं सोपं केलं आणि मार्च २००२ मध्ये कंबोडियाने अशी माणसं परत घ्यायचा करार केला. यातले कित्येक थायलंडच्या छावणीत जन्मले. कंबोडिया त्यांनी पाहिलेलाही नव्हता. तरुणांना हा पहिला मुद्दा हवा असतो. ज्येष्ठांपैकी अनेकांना तो नको असतो, पोरांनी गँगमध्ये जाऊन नाव घालवलं असं त्यांना वाटतं. हे मतभेद मी दोन्हीकडून ऐकलेत आणि दोन्हीकडचं दुःख खरं आहे. माझा कल तरुणांकडे आहे, कारण शिक्षा भोगून, लग्न करून, कामाला लागलेल्या माणसाला वीस वर्षांनी उचलणं मला पटत नाही. पण तुमच्या गटात हे आधी बोलून घेतलं नाही, तर पहिल्याच पत्रकावर फूट पडेल.

तिथल्या सरकारबद्दलचं काम घ्यायचं असेल, तर पक्षापासून अंतर हा पहिला प्रश्न. कंबोडियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये मुख्य विरोधी पक्ष विसर्जित केला, त्याआधी सप्टेंबरमध्ये त्याचे नेते केम सोखा यांना पकडलं. त्या पक्षाचा मोठा पैसा परदेशातल्या ख्मेर लोकांकडून जायचा, त्याच्या शाखा इथल्या शहरांत होत्या. पुढे सोखा आणि पक्षाचे आधीचे नेते सॅम रेन्सी यांच्या पाठीराख्यांत दुरावा आला. तुमच्या सात-आठ जणांत जुने शाखाप्रमुख आहेत का, आणि कोणत्या गटाचे, हे शांतपणे विचारा. एक सोपी परीक्षा आहे. कॅलेंडर मांडा आणि ७ जानेवारीला काय करायचं ते विचारा. १९७९ मध्ये त्या दिवशी व्हिएतनामी फौजांनी पोल पॉटला हाकललं. एकाला तो सुटकेचा दिवस वाटेल, दुसऱ्याला परकीय कब्जाचा, आणि दोघांच्याही घरची माणसं गेलेली असतील. हा वाद संस्था मिटवू शकत नाही. मी सुचवतो ते इतकंच: संस्थेने या दिवशी काहीही करायचं नाही आणि १७ एप्रिलला श्रद्धांजली ठेवायची, तीही ख्मेर नववर्षाच्या जेवणावळीत न मिसळता. नववर्ष १३-१४ एप्रिलच्या सुमाराला येतं, त्यामुळे हॉल एकदाच भाड्याने घेऊन दोन्ही उरकायचा मोह होतो. तो टाळा.

कायद्याचं सांगतो, कारण इथे खजिनदार अडकतो. करमाफीच्या ५०१(सी)(३) प्रकारात निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराची बाजू घेता येत नाही, अजिबात नाही. कायदे व्हावेत म्हणून पाठपुरावा मात्र करता येतो. फॉर्म ५७६८ भरून तसा पर्याय निवडला, तर वर्षाचा खर्च ५ लाख डॉलरच्या आत असलेल्या संस्थेला त्याच्या २० टक्क्यांपर्यंत लॉबिंगवर खर्च करता येतो. पर्याय निवडला नाही, तर मर्यादा मोघम राहते आणि मोघमपणात घाबरट मंडळी गप्प बसतात. एक पानाचा फॉर्म आहे, पहिल्याच वर्षी भरा. वार्षिक जमा ५० हजार डॉलरच्या वर जाणार नाही असं वाटत असेल, तर अर्जाचा छोटा नमुना पुरतो, शुल्क २७५ डॉलर. मोठ्याला ६०० पडतात. आणि लहान संस्थेलाही दरवर्षी ९९०-एन हा छोटा वार्षिक फॉर्म भरावा लागतो. सलग तीन वर्षं चुकला की करमाफी आपोआप जाते. पाच मिनिटांच्या कामासाठी संस्था मेलेल्या मी पाहिल्यात.

याहून गंभीर म्हणजे परदेशी एजंट नोंदणी कायदा, १९३८ चा. परदेशी सरकारच नव्हे, परदेशी राजकीय पक्षाच्या सांगण्यावरून तुम्ही अमेरिकेत राजकीय काम केलंत, तरी नोंदणीचा प्रश्न येतो. स्वतःच्या मताने काँग्रेस सदस्याला भेटणं वेगळं आणि पक्षाध्यक्षाने फोन करून "हे पत्र द्या" म्हटल्यावर देणं वेगळं. म्हणून पक्षाचा पदाधिकारी संस्थेचा पदाधिकारी नको, हे घटनेतच लिहा.

आणि पैसे सरहद्दीपार पाठवायचा विषय निघाला, तर एक गोष्ट सांगा. नोव्हेंबर २००० मध्ये नॉम पेन्हमध्ये सरकारी इमारतींवर सशस्त्र हल्ला झाला, माणसं मेली. त्यामागची संघटना लाँग बीचमधून चालत होती, प्रमुख पेशाने हिशेबनीस होता आणि वर्गणी समाजातूनच जमत होती. २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं, २०१० मध्ये जन्मठेप झाली. वर्गणी देणाऱ्या कित्येकांना ती लोकशाहीच्या कामासाठी आहे एवढंच वाटत असणार. त्यामुळे "पैसे नेमके कुठे जातात" हा प्रश्न ख्मेर आजोबा तुम्हाला विचारतील तेव्हा रागावू नका. त्यांनी ऐंशीच्या दशकात सरहद्दीवरच्या लढ्याला दिले, नव्वदीत पक्षाला दिले, विहाराला तर कायमच देतात. हिशेब मात्र बहुतेकांनी कधी पाहिला नाही.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते तुमच्याच अंगावर येईल. अमेरिकन पासपोर्ट ही ढाल आहे असं समजू नये. थिअरी सेंग या कंबोडियन-अमेरिकन वकील बाईंना जून २०२२ मध्ये नॉम पेन्हच्या न्यायालयाने सहा वर्षांची शिक्षा दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या संसदेने परकीय शक्तींशी संगनमताच्या आरोपावरून नागरिकत्व काढून घेता येईल असा कायदा केला. म्हणून पहिल्याच महिन्यात प्रत्येकाने खासगीत सांगावं: तिथे माझं कोण आहे, मला जाता-येता राहायचंय का, माझा फोटो छापला तर चालेल का. ज्याला नाही चालत त्याने पडद्यामागचं काम घ्यावं आणि त्याला कोणी भित्रा म्हणू नये. देणगीदारांची नावं संकेतस्थळावर टाकून आभार मानायची मंडळाची सवय इथे सोडा.

वयाचा पेच तुम्हाला सगळ्यात लवकर कळेल, कारण तो आपल्याकडेही तसाच आहे. ख्मेरमध्ये प्रत्येकाला नात्याने हाक मारतात: मोठा तो "बोंग", धाकटा तो "ओउन", वडिलांहून मोठा तो "ओम". ओमने बैठकीत वीस मिनिटं भाषण केलं तर बोंगसुद्धा मध्ये तोंड घालत नाही, मग ओउनची काय कथा. मतदान घेतलंत तर सगळे ओमकडे बघून हात वर करतात आणि दुसऱ्या दिवशी तीन तरुण राजीनामा देतात. मी मतदान बैठकीत घेतच नाही. आधी आठवडाभर एकेकाला फोन करायचा आणि ओमना सगळ्यात आधी भेटायचं, घरी जाऊन, फळं घेऊन. बैठकीत फक्त जे ठरलंय ते वाचायचं. कोणी याला लोकशाही म्हणणार नाही, पण संस्था टिकते. इतिवृत्त दोन्ही भाषांत हवं. इथे वाढलेल्यांना ख्मेर स्वयंपाकघरापुरती बोलता येते, लिपी वाचता येत नाही, आणि ज्येष्ठांना इंग्रजी मसुदा म्हणजे आणखी एक न समजलेला सरकारी कागद. अनुवादाचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा, स्वयंसेवकांवर सोडू नका.

आता तुमचं. पडावं का? तुमच्या जागी मी असतो तर हो म्हटलं असतं, पण एका वर्षासाठीच आणि लिहून. बाहेरचा खजिनदार सुरुवातीला उपयोगी पडतो, कारण तो कोणाच्याच गटाचा नसतो, त्याचा चुलता कोणत्या बाजूने लढला हे कोणी विचारत नाही. पण दुसऱ्या वर्षीही तोच राहिला तर "आपला माणूस नाही का मिळाला" हा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून हाताखाली एक ख्मेर सहखजिनदार घ्या. बँकेच्या खात्यावर दोन सह्या, आणि त्या दोन एकाच घरातल्या नकोत. रोख वर्गणीला ख्मेर-इंग्रजी पावती पुस्तक, आपल्या गणेशोत्सवाचं असतं तसंच, आकडे ठळक. दर तीन महिन्यांनी एक पानी हिशेब विहाराच्या भिंतीवर लागलेला दिसला पाहिजे. आम्ही तो लावायला लागलो तेव्हा पहिल्या दोन वेळा कोणी वाचला नाही. तिसऱ्या वेळी एका आजोबांनी चष्मा काढून, पुसून, तो दोनदा वाचला आणि चहाच्या खर्चात सात डॉलरची चूक दाखवली. त्या महिन्यात वर्गणी वाढली.

किती माणसं, कोणता मुद्दा, विहार मदत करतो की अंग काढून घेतो, यावर यातलं बरंच बदलेल. लोवेलमध्ये १९८४ पासून कंबोडियन लोकांची परस्पर साहाय्य संघटना आहे. तिच्याकडे सेवा आहेत, इमारत आहे, नगरपालिकेशी घसट आहे. नवीन संस्था तिच्याशी स्पर्धा करणार की तिला जे जाहीरपणे बोलणं जड जातं ते बोलणार, हेही ठरवावं लागेल. तिच्या लोकांना जाहीर घोषणेआधी भेटा, नंतर नको.

चौथी बैठक ठेवाल तेव्हा नावाचा विषय पत्रिकेवर राहू द्या. फक्त मतदान नको. प्रत्येकाला विचारा, हा शब्द तुमच्या आईला ऐकवला तर ती काय म्हणेल. आणि बैठक शनिवारी दुपारी ठेवा. ज्येष्ठांपैकी कोणी सेकंड शिफ्टला जात असेल तर संध्याकाळी सहा म्हणजे त्यांच्यासाठी बैठकच नाही.